अण्णांचा क्लचवरचा पाय

अण्णांकडून गाडीची चावी मी काढून घेतली होती.

भर रस्त्यात. डांगे चौकाच्या सिग्नलला.

अण्णा म्हणजे माझे वडील. आज त्यांना जाऊन वर्ष झालं. लोक अशा दिवशी वडिलांचा छानसा फोटो टाकतात. मला आज माझी चूक टाकायची आहे.

गाडी जुनी, पेट्रोलवरची, मी कॉलेजला असताना घेतलेली. रिटायर झाल्यावर अण्णा दर रविवारी ती घेऊन एकटेच गावी जायचे. चाकणच्या पुढे आमचं गाव, तिथे आत्या असते. तिच्याशी तासभर गप्पा, शेतात एक चक्कर, की परत थेरगावला.

आठवडाभर त्या रविवारची वाट बघायचे.

मग गाडी सिग्नलला बंद पडायला लागली. थांबली की इंजिनाचा वेग वर-खाली, वर-खाली, आणि गप.

त्या दिवशी मी शेजारी बसलो होतो. एकाच सिग्नलला तीनदा बंद. मागून हॉर्नवर हॉर्न.

"अण्णा, क्लच नीट दाबा ना."

"दाबलाय की रं. गाडीतच कायतरी हाय. आतनं सूं सूं आवाज येतोय बघ."

"तुमचे कान कंपनीत प्रेस मशिनींच्या दणदणाटातच गेलेत. उतरा, मी चालवतो."

उतरले. मागच्या रिक्षावाल्याला हात जोडले आणि दुसऱ्या बाजूने येऊन बसले.

पुढे घरापर्यंत सिग्नल लागला नाही. घरी आल्यावर मी गाडी तपासली, नाही असं नाही. मी मेंटेनन्सचा माणूस. चाकणच्या एका कंपनीत सोळा वर्षं हवेच्या लाइनी सांभाळतोय. लीकेज शोधायची आमची पद्धत ठरलेली. साबणाचं पाणी मारायचं, फुगा आला की लीक तिथं.

मग्यात साबण कालवला, इंजिन चालू ठेवलं आणि बॉनेटखालच्या सगळ्या नळ्यांवर पाणी मारलं.

एकही फुगा नाही.

अण्णा शेजारी उभे होते. म्हणाले, "आत्ता बघ, आवाज थांबला. इंजिन सरळ चालतंय."

"भास होतोय तुम्हाला."

खरं तर मिनिटभर इंजिन सरळ चाललं होतं. मीही ऐकलं होतं. पण फुगा नाही म्हणजे लीक नाही, विषय संपला. चावी माझ्या कपाटात गेली.

"रविवारी मी नेत जाईन तुम्हाला," असं म्हणालो होतो. नेलं किती वेळा? दोनदा, तेही बाइकवर. कधी शिफ्ट, कधी ओव्हरटाइम, कधी नुसताच कंटाळा. पुढे त्यांनी विचारायचंच सोडलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. चुलतभावाच्या साखरपुड्यात पंगत बसली होती, तिथे मी सगळ्यांना ऐकवलं, "अण्णांचा पाय काही आता क्लचवर बसत नाही, लायसन्स परत करायला सांगितलंय." सगळे हसले. अण्णाही हसले आणि ताटातली जिलेबी मोडत बसले.

त्यानंतर काही महिन्यांनी ते गेले. हार्ट अटॅक. गाडीशी त्याचा संबंध नाही, हे मी स्वतःला खूपदा सांगितलंय.

मागच्या महिन्यात गाडी विकायला काढली. धुवून आणावी म्हणून निघालो आणि आकुर्डीच्या सिग्नलला बंद. परत सुरू केली, परत बंद. या वेळी क्लचवरचा पाय माझा होता.

डोकंच फिरलं राव. एका गॅरेजवाल्याने प्लग बदलले. दुसऱ्याने थ्रॉटल साफ केला आणि वर "जुनी गाडी आहे, चालायचंच" हे ज्ञान दिलं. गाडी होती तशीच.

तिसरे सलीमभाई. त्यांनी बॉनेट उघडलं, वाकून ऐकलं आणि म्हणाले, "एअर घेतीय."

मी लगेच उसळलो. "शक्यच नाही. साबणाचं पाणी मारून बघितलंय मी."

"कंपनीत कामाला का तुम्ही?"

"हो. का?"

"तरीच. साहेब, कंपनीच्या पायपात हवा दाबून भरलेली असते. ती बाहेर येते म्हणून फुगा येतो. इथे इंजिन हवा आत ओढतंय. फुगा येणार कुठून? उलट साबण भेगेवर बसला की तेवढ्यापुरतं लीक बंद. मिनिटभर गाडी सरळ चालते."

मीही बॉनेटखाली वाकलो.

त्यांनी नळ्यांवर इंजिन साफ करायचा, पेट्रोलसारखा जळणारा स्प्रे थोडा थोडा मारला. एका जागी मारल्याबरोबर तो आत ओढला गेला आणि इंजिन भर्रकन चढलं. रबरी नळीला खालच्या अंगाला भेग होती, नखाएवढी. नवी नळी, दोन क्लिपा, पंधरा मिनिटांचं काम.

सोळा वर्षं हवेच्या लाइनीवर काढली आणि एवढी साधी गोष्ट डोक्यात येऊ नये? स्वतःचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली,

"बिघाड गाडीतच आहे, हे त्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं होतं, गॅरेजला दाखवून आणा एकदा. तर म्हणाले, नगं. पोरगं मेंटेनन्सचं हाय, त्यानं तपासलंय. दुसऱ्यानं बिघाड काढला तर चारचौघांत त्याचं हसं व्हईल."

माझं हसं होऊ नये म्हणून.

त्या पंगतीतले बरेच जण इथे फ्रेंडलिस्टमध्ये आहात. तुमच्यासाठीच हे लिहिलंय. अण्णांचा पाय शेवटपर्यंत ठणठणीत होता. कानही. चूक माझी होती.

अण्णा, हे तुमच्यासमोर बोलायला हवं होतं.

माफ करा. नमस्कार करतो.