ताटलीतला सहावा वायसर

दसरा होऊन चार दिवस झाले होते. नामपूरचा तो ट्रक कांदा भरून भर दुपारी परत माझ्या दारात उभा राहिला, तेव्हा खुर्चीवरून उठायचंही माझ्या जिवावर आलं होतं. द्वारका चौकाजवळच्या गल्लीत माझं डिझेल पंप-नोझलचं छोटं वर्कशॉप आहे. तीस वर्षं मी एकच काम करतोय. ट्रकच्या इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर काढायचे, तपासायचे, दुरुस्त होण्यासारखे नसतील तर बदलायचे आणि परत बसवायचे. पूर्वी काम संपल्यावर थकायचो. अलीकडे सकाळी शटर वर करतानाच थकलेला असतो.

कारण मला ठाऊक होतं आणि ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकत आला होता, डाव्यातही सुरुवात झाली होती. डॉक्टरांनी लवकर ऑपरेशन करून घ्या म्हणून बजावलं होतं. त्यांची फाइल मी लपवून ठेवली आणि बायकोला चष्म्याचा नंबर वाढलाय एवढंच सांगून टाकलं. ऑपरेशनची भीती नव्हती. ‘मिस्तरीला दिसत नाही’ हे एकदा द्वारकेवर पसरलं की मग डोळे कितीही साफ होवोत, कुणी गाडी आणणार नाही, ही खरी भीती होती. आणि गाड्या नसतील तर मी दिवसभर करू काय? म्हणून डोळ्यांचं काम मी बोटांकडून करून घेत होतो. बोल्टचे आटे बोटांनी चाचपायचे, पाइपाची चीर बोटांनी शोधायची. आणि कुणी बघत असलं की दिसतंय असं दाखवायचं. यात माणूस फार दमतो.

इंजेक्टरच्या टोकाशी तांब्याचा एक वायसर, म्हणजे मधे भोक असलेली चकती, असतो, कोटाच्या गुंडीएवढा. इंजेक्टर ओढला की बहुधा तोही सोबत येतो, पण कधी कधी काजळीत रुतून खालीच राहतो. ते न बघता नवा वायसर घालून इंजेक्टर बसवला तर खाली दोन होतात, इंजेक्टर उचललेला राहतो, गाडी ओढत नाही आणि धूर ओकायला लागते. यावर माझी शिस्त ठरलेली. निघालेला प्रत्येक जुना वायसर स्टीलच्या ताटलीत टाकायचा, आणि सहा सिलिंडरचे सहा मोजल्याशिवाय नव्यांची पुडी फोडायची नाही. गल्लीतल्या निम्म्या मिस्तऱ्यांना हे मीच शिकवलंय, तेही शिव्या घालून.

या ट्रकचे इंजेक्टर मी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी केले होते. ताटलीत बोटं फिरवून सहा मोजले होते. त्यामुळे गाडी परत आली तेव्हा चूक माझी असेल असं मनातही आलं नाही.

ड्रायव्हर चाळिशीचा होता, गाडीचा मालकही तोच. कांदाचाळीत साठवलेला शेवटचा कांदा घेऊन तो मुंबईला निघाला होता. आधीच मोड यायला लागलेला माल, त्यात ऑक्टोबरचं ऊन.

“काका, भावडबारीच्या घाटात पहिल्या गिअरात आली गाडी,” तो म्हणाला. “मान्सं चालत पुढं गेली.”

मी त्याच्यावरच डाफरलो. कुठल्या पंपावर भेसळीचं डिझेल भरता आणि इथे येऊन रडता, असं काहीबाही बोललो. तो मुकाट ऐकत राहिला. त्याचं हे ऐकून घेणं मला अजून टोचतं.

गाडी जुन्या पद्धतीच्या पंपाची, प्रत्येक इंजेक्टरला वेगळा पाइप. इंजिन चालू ठेवून मी एकेका इंजेक्टरचा पाइप पान्याने सैल करत गेलो. सिलिंडर काम करत असेल तर पाइप सैल करताच इंजिन अडखळतं. चार वेळा अडखळलं. पाचव्याला काहीच फरक पडला नाही. इंजिन बंद करून पाचवा इंजेक्टर काढला, त्याच्यासोबत माझाच नवा वायसर आला. मग भोकात तारेची आकडी घातली. तळाला काहीतरी लागलं, आणि ते वर येण्याआधीच काय आहे ते बोटांना कळलं.

काजळीने माखलेला जुना वायसर.

मी फळीवरची ताटली आणून बोनेटवर ठेवली. मधे इंजेक्टरचं दुसरं काम आलं नव्हतं, त्या दिवशीचे सहा वायसर तिच्यात तसेच होते. सहा हे आणि हातातला सातवा. सहा सिलिंडरच्या गाडीला सात वायसर आले कुठून? मी ताटलीवर वाकून बघत राहिलो. मला सगळं एकाच रंगाचं दिसत होतं. ड्रायव्हरने खांद्यावरून डोकावून नुसती एक नजर टाकली.

“काका, हा एक लय चमकून राहिला,” तो म्हणाला. “नवा हे का?”

तेव्हा आठवलं. खंडेनवमीला बायको हत्यारांची पूजा मांडायला आली होती. पाने, हातोड्या धुऊन तिने लाल कापडावर मांडल्या, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. ताटलीत कुठल्याशा जुन्या कामातला एक वायसर पडला होता. तांबं पूजेला चांगलं, म्हणून देवाच्या ताम्हनासारखा तिने तोही चिंचेने घासला आणि पान्यांशेजारी ठेवला. दसऱ्यानंतर पूजा आवरताना मीच तो ताटलीत परत टाकला होता. पाच काळ्या वायसरांत तो एक लखलखीत पडून होता, आणि मी बोटांनी मोजून सहा म्हणालो होतो.

चुकलं माझं, एवढंच ड्रायव्हरला म्हणालो. बॅटरी उचलून मी पुन्हा भोकावर वाकलो. त्याने माझ्याकडे पाहिलं, कांद्याच्या गाडीकडे पाहिलं आणि माझ्या हातातली बॅटरी काढून घेतली.

“तुम्ही लावा,” तो म्हणाला. “मी बघतो.”

त्याच्या सांगण्याप्रमाणे भोक साफ करून नव्या वायसरसकट इंजेक्टर लावला. त्याने बॅटरी धरली, तळ मोकळा झाल्याचं सांगितलं, मी आवळलं. इंजिन सुरळीत झालं. जाताना तो कुणाजवळ काही बोलणार नाही असं म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही.

संध्याकाळी इंदिरानगरला घरी आलो तेव्हा बायको मेथी निवडत होती. खिशातून तो लखलखीत वायसर काढून मी तिच्यापुढे ठेवला आणि झालेलं सगळं सांगितलं. तिने तो उचलून बोटांत फिरवून पाहिला.

“अहो, एवढा चकचकीत,” ती म्हणाली, “तुम्हाला दिसला नाही?”

एरवी मी चिडलो असतो. तेवढीही ताकद उरली नव्हती.

“नाही दिसला.”

तिने मेथी बाजूला सारली आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची फाइल कुठे लपवून ठेवलीय, एवढंच विचारलं.