वरून ओतलेलं कथील

"चोर हायेस तू! दिवसाढवळ्या माझी अक्कल उचललीस!" मी शेजारच्या दुकानदारावर असा ओरडलो, की तिकडं औशाच्या किल्ल्यावरची कबुतरं उडाली म्हणतात.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. दप्तरांची वाटणी झाली. पाऊस तेवढा जुन्या जिल्ह्यानं ठेवून घेतला, अन् तिथंही पाडला नाही. थेंबही सांडायची सोय नव्हती, त्यामुळं माझ्या भांडी सांधायच्या दुकानापुढं गळक्या बादल्यांची ही रांग. तापल्या लोखंडानं कथलाचे ठिपके लावत बसलो असतो, तर म्हातारा झालो असतो. म्हणून मी चहाच्या किटलीत कथील वितळवलं, ते धरावं म्हणून सांध्याला नवसागर चोळला आणि वरून धार सोडली. चांदीचा साप पळाल्यासारखी पळायची ती. आज घराघरात प्लास्टिकच्या बादल्या आहेत, पण तसं लखलखणारं बूड पुन्हा दिसलं नाही.

पंधरवड्यात या शेजाऱ्यानं परातीत कथील पातळ करून बादल्यांची बुडं त्यात टेकवायला सुरुवात केली. वर मलाच म्हणतो, "उस्ताद, वरून पडलं ते तुझं, खालून लागलं ते माझं. भांडतो कशाला?"

नव्या जिल्ह्यात सगळंच नवं मिळतं, तर पेटंटही मिळत असेल, या हिशोबानं मी त्याला ओढत कलेक्टर कचेरीत नेलं. खुर्च्या यायच्या होत्या. कारकून खोक्यावर बसलेला. "ते इथं मिळत न्हाई," तो म्हणाला. "ज्याची बादली गळंल त्यानं आपली रीत सोडावी. जावा आता."

पटलं. पण बादली तपासायला पाणी कोण देणार? त्या साली आम्ही बादल्या उन्हाकडं धरून भोक शोधायचो. शेवटी गल्लीतल्या एका मावशींच्या मागं लागलो. त्यांची एक बादली माझ्या हातची, एक त्याच्या. टँकरवर दोन्ही भरल्या. मावशी पुढं, मागं आम्ही दोघं ओणवे होऊन थेंब हुडकत, आणि आमच्यामागं निम्मं लातूर. माझी छाती अशी धडधडत होती, की टँकरवाल्याला वाटलं इंजिन चालूच राहिलं. किटली हातची गेली तर पुन्हा ठिपकेच लावायचे होते.

दारापर्यंत एक थेंब पडला नाही. ना माझ्या बादलीतून, ना त्याच्या.

"मावशी," मी काकुळतीला आलो, "आता तुम्हीच सांगा. ही युक्ती कुणाची?"

मावशींनी बादल्यांवर ताटल्या झाकल्या.

"दारातून सरका," त्या म्हणाल्या. "पाणी आत न्यायचंय."