मामाच्या बटरफ्रूटला पाड लागत नाही

२००५चा पावसाळा सरत आला होता. मामीचा फोन आला. "दिलीप तुझ्या मामाचं झाड तोडतोय. तू बंगळुरात व्हतीस ना? ते फळ खायाचं कसं, येऊन सांग. नायतर झाड गेलं."

मामा मिलिटरीत, बंगळुरात. निवृत्त होताना तो तिथून बटरफ्रूटचं रोप घेऊन आला. अ‍ॅव्होकॅडो हे नाव त्यानं ऐकलं नसावं. दुकानात त्याचं दूधसाखरेचं सरबत मिळे, तेवढीच त्याची ओळख. झाडाला फळ धरायच्या आधी तो गेला.

पुण्यात शिवाजीनगरहून नाशिक रस्त्याची एसटी धरली. पेठ गेलं, घाट गेला, मंचरला उतरून भजी आणि चहा. घोडेगावहून डोंगराकडच्या, मामाच्या गावाच्या गाड्या सुटतात. दुपारची चुकली तर संध्याकाळपर्यंत स्टँडवर बसावं लागतं, म्हणून सकाळीच निघावं. सगळं भाडं तेव्हा शंभराच्या आत.

झाड विहिरीजवळ होतं. फळं हिरवी, पेरूहून मोठी, देठाकडे निमुळती.

"दोन वरसं बघतेय, पाड लागंना," मामी म्हणाली. आंब्याच्या झाडावर पहिलं पिकलेलं फळ दिसतं, तो पाड. त्याआधी आमच्याकडे आंबा उतरवत नाहीत. हे फळ फांदीवर दगडासारखं राही आणि गळून कुजे. एकदा मामीनं त्याची दुधीसारखी भाजी केली होती.

"कडू जहर," मामेभाऊ दिलीप म्हणाला. "तायडे, बंगळुरात लोक हे पैसं देऊन खात्यात? टमाट्यावर सावली पाडतंय नुसतं. शनवारी तोडणारा येतोय."

मी हे फळ खाल्लं होतं, तोडलं कधीच नव्हतं. पण तिथले गाडीवाले कडक फळ देत आणि चार दिवस ठेवा म्हणत, हे आठवलं.

"मामी, हे झाडावर पिकतच नसेल. तोडून ठेवू."

तिनं माझा हात धरला. "पाड न लागता तोडायचं? आन नाय पिकलं तर?"

"तर दिलीपचं खरं."

ती बराच वेळ झाडाखाली फिरली. मग जून दिसणारी, चकाकी गेलेली फळं स्वतः निवडली, देठासकट काढली आणि तांदळाच्या कणगीत पुरली.

मधले दिवस मी जुन्नरला काढले. लेणी चढले. घाटघरच्या एसटीनं नाणेघाटात गेले, तिथं ढगाखेरीज काही दिसलं नाही. स्टँडजवळच्या खाणावळीत मटकीची आमटी आणि बाजरीची भाकरी चांगली मिळते. जेवताना कणगी आठवत होती.

शुक्रवारी परतले. मामीनं कणगीत हात घातला.

"दबतंय गं."

उभा काप दिला, दोन्ही अर्धी उलट फिरवली. बी एकीकडे राहिली. आत पिवळा गर, कडेला हिरवा. गरम भाकरीवर चमच्यानं पसरला, मीठ टाकलं, बाजूला ठेचा.

"साबण हाय राव!" दिलीपनं तोंड वाकडं केलं आणि साखरेचा डबा ओढला.

मामी सावकाश चावत होती. "गोड न्हाई. आंबट न्हाई. कायच न्हाई." मग भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी लावलेल्या मामाच्या फोटोकडे तिनं पाहिलं. "त्यांना असलंच आवडायचं. आमटीत मीठ पडलं नाय तरी म्हणायचे, आज झाक झालीय."

तिनं दुसरा तुकडा घेतला. साखर पुढे करणारा दिलीपचा हात तिनं बाजूला सारला.

दिलीप तिच्याकडे बघत राहिला. "टमाट्याकडची एक फांदी छाटतो," तो म्हणाला. "बाकीचं ऱ्हाऊ दे. पण भाजी पुन्हा करायची नाय, आये."

पुण्याला येताना मामीनं पिशवीभर कडक फळं दिली. घरी ती सगळी एकाच दिवशी पिकली, मग शेजारी वाटली. कुणाला फारशी आवडली नाहीत. आता हे फळ शहरात कुठंही मिळतं. मी घेते, मीठ लावून भाकरीवर खाते. मामा अबोल होता, माझं त्याच्याशी चार वाक्यांपलीकडे बोलणं झालं नाही. त्याच्याविषयी मला जे काही ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं त्या शुक्रवारचं आहे.