कधीच न हरवणारा डेस्कटॉप

आमचा डेस्कटॉप अकरा वर्षांत एकदाही हरवला नाही.

पडवीतल्या टेबलावर तो बसलेला असायचा. अंगावर सासूबाईंनी विणलेलं क्रोशाचं पांघरूण, मागे वायरींचा गुंता. शेवटी दिवेआगरच्या खाऱ्या हवेने त्याच्या पोटात गंज धरला. बटण दाबल्यापासून पडदा उजळेपर्यंत माझी कणीक मळून व्हायची. मग पनवेलला नोकरी करणाऱ्या आमच्या लेकीने लॅपटॉप आणला, जुन्यातलं सगळं त्यात भरून दिलं आणि "आई, आता हा घरात कुठेही नेता येईल," असं सांगून गेली. मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

आमच्या वाडीत पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत. बुकिंगचे फोन ह्यांच्या मोबाइलवर येतात. हे ते मला ओरडून सांगतात, मी कॉम्प्युटरवर चढवते आणि हे विसरून जातात. (कामाची वाटणी ठरलेली आहे.) नवीन यंत्र म्हणजे नवे नियम, म्हणून मी एक यादी करून फ्रिजवर लावली. तीन रकाने: मी, आई, हे. आई म्हणजे माझ्या सासूबाई. काम झालं की खूण करायची. माझा रकाना दुपारपर्यंत भरतो. आई खुणेऐवजी हळदीचा ठिपका लावतात. ह्यांचा रकाना लग्नाला बावीस वर्षं झाली तरी कोराच असतो. तो बघायचं मी केव्हाच सोडून दिलं आहे.

त्या शनिवारी हे सकाळीच गाडी घेऊन निघाले. आधी बोर्लीला गॅस आणि किराणा, मग दिघीला फेरीबोटीने येणारे सहा पाहुणे घेऊन जेवायच्या वेळेला परत. मी स्वयंपाकाला लागण्याआधी सहज बुकिंग बघायला पडवीत गेले. टेबलावर फक्त क्रोशाचं पांघरूण होतं.

"आई, लॅपटॉप कुठाय?"

"माला काय म्हाईत? पयला होता तो बरा, जागचा हालत न्हाय."

आता अडचण अशी होती. त्या दोन दिवसांत दोन बुकिंग होती, एक ठाण्याचं आणि एक डोंबिवलीचं. एका कुटुंबाला कांदा-लसणाशिवाय शाकाहारी जेवण हवं होतं आणि दुसरं खास मासे खायला येणार होतं. आज कोण आणि उद्या कोण, ते लॅपटॉपला माहीत. पाहुण्यांचे नंबरही लॅपटॉपला माहीत. मी ह्यांना फोन लावला. वाजून वाजून थांबला. असे अकरा फोन केले.

"वाजतोय पण उचलत नाहीत हो."

"मंग ताट वाढल्यावर इचार पाव्हन्यांना," आई नारळ खवत म्हणाल्या.

मी घाबरत नाही, यादी करते. फ्रिजवरचा कागद काढला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला शोधण्याच्या चौदा जागा लिहिल्या. कपाट. गाद्यांची चवड. चारही खोल्या. माळा. सुपाऱ्यांची पोती. (ती दोन वेळा.) एकेका जागेवर खूण होत गेली आणि घड्याळ पुढे सरकत गेलं.

"बोंबलाच्या डब्यात बघितलास?" आईंनी विचारलं.

"आई, थट्टेची वेळ आहे का ही?"

"तू पोत्यात बघतेस ती थट्टा न्हाय वाटतं."

अकरा वाजता मी निर्णय घेतला. शाकाहारी माणसापुढे सुरमई ठेवली तर तो उठून जाईल, पण मासे खाणारा डाळिंबीची उसळ खाऊन मरत नाही. तेव्हा कांदा नाही, लसूण नाही. उसळ, बटाट्याची भाजी, आमटी. कोळीण दारात येऊन ताजी सुरमई दाखवून गेली. मी तिला हात जोडून परत पाठवलं.

साडेबाराला गाडी आली. सगळ्यात पुढे एक धिप्पाड काका उतरले आणि चपला काढायच्या आधीच म्हणाले, "वहिनी, ठाण्यापासून उपाशी आलोय. काय आहे आज, सुरमई की पापलेट?"

मी ह्यांना स्वयंपाकघरात ओढलं.

"फोन का उचलला नाहीत?"

"गाडीच्या खणात होता. यादीत लिहिलंयस ना तू, गाडीवर फोन खणात ठेवणे."

"आणि लॅपटॉप?"

"तोही यादीत आहे. कागद उलटा कर."

मी कागद उलटा केला. तिसरा रकाना. तिथे माझ्याच अक्षरात होतं, 'रात्री लॅपटॉप खाऱ्या हवेपासून लांब, कोरड्या आणि झाकणबंद जागी ठेवणे.' पुढे खूण. त्याखाली फोनचा नियम. पुढे खूण. पाचही कामांपुढे टपोऱ्या खुणा! हातात तो कागद घेऊन सगळी सकाळ मी घरभर फिरले होते.

"कोरडी, झाकणबंद जागा म्हणजे?"

ह्यांनी फडताळातून पत्र्याचा मोठा डबा ओढला आणि झाकण काढलं. आत जुन्या टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप उभा होता आणि त्याच्या चारही बाजूंनी आईंचे सुके बोंबील. आई माझ्याकडे बघत राहिल्या.

वास पडवीपर्यंत पोचला. आता पाहुणे जाणार, असं मनाशी म्हणेस्तोवर काका स्वयंपाकघराच्या दारात उभे. "सुके बोंबील? वहिनी, आमची आजी निखाऱ्यावर भाजून द्यायची हो!"

आईंनी चूल पेटवली. काकांनी एकट्याने नऊ बोंबील खाल्ले, उसळीकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि जाताना पुढच्या वर्षीच्या दोन खोल्या सांगून गेले. ते बुकिंग मी नाक दाबून चढवलं. अजूनही लॅपटॉप उघडला की शेजारची मांजर येऊन टेबलाखाली बसते.

फ्रिजवर आता नवी यादी आहे. ह्यांच्या रकान्यात मी काहीही लिहिलेलं नाही. बावीस वर्षं हे घर माझ्या याद्यांवर चाललंय असं मी सगळ्यांना सांगत आले. ते चाललं होतं, कारण ह्यांनी त्यातली एकही कधी वाचली नव्हती.