मागून आलेला आधीच्याला पुसतो

मी चौथी नापास. तरी कॉम्प्युटरची एक गोष्ट मला पक्की कळली, ती नेऱ्यातल्या आमच्या भाडेकरूमुळं. गडी परभणीकडचा, नोकरी हिंजवडीत. एका रविवारी ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसला होता. इंटरनेटच्या पत्त्यात प्रश्नचिन्हाच्या पुढं लांबलचक ओळ असते. ती तोडायची आणि ज्याचं त्याच्या कप्प्यात, कप्प्याच्या आत कप्पा करून लावायची, हे त्याचं काम.

"काका, तपासायला तुमचंच घर घालतो. माणसं सांगा."

"घाल. मी, म्हातारी..." आणि तोंडून दोन्ही मुलांची नावं गेली.

थोरल्याचं नाव मी सहा वर्षं घेतलं नव्हतं. जमीन विकायला त्यानं सही दिली नाही, तेव्हा चार माणसांत मी बोललो होतो, मला एकच मुलगा हाय. तो उरवड्याला जाऊन कारखान्यात लागला.

भाडेकरूनं बटण दाबलं. पडद्यावर मी, म्हातारी आणि धाकटा.

"थोरला कुटं गेला?"

"मुलगा हा कप्पा एकच आहे ना काका. दोनदा आला की मागून आलेला आधीच्याला पुसतो. माझीच चूक."

त्यानं 'मुलगा'च्या पुढं एक रिकामा चौकोनी कंस घातला. दोघं खालीवर दिसले.

"एवढंच?"

"एवढंच. रिकामा कंस म्हणजे, अजून कोणी येईल, जागा ठेव."

"यंत्राला कळलं बाई," म्हातारी आतून बोलली.

सोमवारी कुणाला न सांगता उरवड्याला गेलो. थोरल्यानं दोन खोल्या बांधल्या होत्या. तो कामावर होता. सूनबाईनं पदर सावरून पाण्याचा तांब्या दिला, पण देताना त्याच्यावरची अक्षरं अंगठ्यानं झाकून धरली. तांब्या हातात आल्यावर वाचली, तेवढं मला वाचता येतं. वास्तुशांतीला वाटलेल्यातला तांब्या. माझं नाव, त्याच्या आधी 'कै.', नंतर 'यांच्या स्मरणार्थ'.

"मी म्हणलं होतं त्यांना, नका घालू."

"नाव नीट कोरलंय. काना-मात्रा चुकला न्हाई."

"थांबा की मामा. चारला सुटत्यात ते."

"मेलेल्या माणसानं किती वेळ बसायचं?"

पाणी पिऊन उठलो. घरी आलो तर भाडेकरू ओट्यावरच.

"काका, काम झालं. तुमचं घर अजून यात आहे, पुसून टाकू?"

पडद्यावर दोघं मुलगे खालीवर होते. वर मी, नावाआधी काही नाही.

"ऱ्हाऊ दे," मी म्हणालो.