बाईंचा पेपर तयार होतोय

आमच्या बाई कुणालाही लवकर लिहू देत नसत. मुरबाडच्या कॉलेजात त्या एम.ए.च्या मुलांकडून शोधनिबंध करून घेत. पहिलं पान लिहून कुणी मोठ्या ऐटीत नेलं, की बाई ते न वाचताच टेबलावर पालथं घालत आणि म्हणत, "ते राहू दे. प्रश्न काय रे तुझा?" मुलांनी त्यांचं नाव 'थांबाबाई' ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं, आणि आवडतही असावं.

प्रश्न तयार झाला की नाही, हे बाई एसटीत ठरवत. धसईच्या गाडीत शेजारी जो बसेल त्याला आपला प्रश्न सांगायचा. त्याला कळला तरच पुढे जायचं. मी जवळच्याच किन्हवली गावचा, पण बोलण्यात तेव्हा भारीच शिष्ट. मांडीवर भाजीची पाटी घेऊन बसलेल्या एका आजींना मी 'ग्रामीण युवकांचे व्यावसायिक स्थित्यंतर' ऐकवलं. आजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि बाईंना विचारलं, "ह्या पोराला कुठं नोकरीला लावायचा हाय का गो?" गाडी हसली. माझे कान तापले. बाई म्हणाल्या, "ऐकलंस? अजून नाय झाला तुझा प्रश्न." पुढे दोन महिने मी धसईच्या फेऱ्या मारत होतो.

बाईंचा स्वतःचाही एक पेपर तयार होत होता. धसईच्या बाजारात भाजीवाल्या बायका भाव कुणाला विचारून ठरवतात, हा त्यांचा प्रश्न. पहिल्यांदा वही-पेन घेऊन गेल्या तेव्हा बायकांना वाटलं, बाजारकराची पावती फाडणारी आली. निम्म्या जणी पाट्या उचलून पसार! तेव्हापासून बाई वही घरी ठेवत. आधी भाजी घेत, मग शेजारी फतकल मारून बसत, गप्पा मारत, आणि प्रश्न तेवढा राहून जाई. स्टाफरूममध्ये मात्र कधी कंटोलीचे, कधी शेवग्याच्या शेंगांचे वाटे पडत. "पेपर कुठवर आला?" असं कुणी खवचटपणे विचारलंच, तर म्हणत, "अजून त्या माझ्याशी खरं बोलत नाय रे. बोलल्या की लिहीन." अशी किती वर्षं गेली, मला माहीत नाही.

बाई तासिकांवर होत्या. म्हणजे शिकवाल तेवढ्याच तासांचा पगार, आणि दरवर्षी नव्याने नेमणूक. मग एकदाची कायमची जागा निघाली, आणि मुलाखतीच्या खोलीबाहेर आम्ही दोघं एकाच बाकावर बसलो. माझ्या फायलीत छापील पेपर होते, सगळे घाईघाईत उरकलेले. बाईंनी त्यातला एकही पुढे जाऊ दिला नसता, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. आत कुणी प्रश्न काय म्हणून विचारलं नाही, किती छापले तेवढंच विचारलं. "मी सांगितलं, एकही नाय, एक तयार होतोय. तर हसले रे सगळे," असं बाईंनीच मला नंतर चहा पिताना सांगितलं, आणि स्वतःही हसल्या.

जागा मला मिळाली. ती भरली म्हणून बाईंचे तास संपले. मी कुणाचं काही चोरलं नव्हतं, सगळं नियमानं झालं होतं, तरी त्या जूनमध्ये मी त्यांच्या घरावरून जायचं टाळून लांबच्या रस्त्यानं कॉलेजात जायचो.

पहिल्या दिवशी बाई स्वतः मला वर्गात घेऊन गेल्या. मी नको नको म्हणत होतो. "हे तुमचे नवे सर. माझे विद्यार्थी," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून मला पहिल्यांदाच 'अरे'च्या जागी 'हे' ऐकायला मिळालं.

पुढच्या बाकावरची मुलगी उठली. "पण बाई, तुमी का जाताय?"

मी खडू घेऊन फळ्याकडे तोंड केलं. बाई जराही अडखळल्या नाहीत.

"माझा पेपर पुरा करायचाय ना गो! सरांमुळे आता टाइम मिळाला."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. सगळा वर्ग कौतुकानं माझ्याकडे बघत होता, म्हणून मीही वाजवल्या.