शिलाई बाहेरून

शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांची डावी बाजू अर्धांगवायूनं लुळी पडली आणि वर्षभरात साखरेनं डावा पाय गुडघ्याखालून नेला. "डावीकडचं गिऱ्हाईक तुटलं," असं ते हसून सांगत. ऐकायला बहुतेक वेळा भिंतीच असत.

थोरली बहीण इस्पितळात येऊन अट घालून गेली होती. "महिनाअखेर नकली पाय एकट्यानं, एका हातानं चढवून दाखव. मग राहा तुझ्या खोलीत. नाहीतर मुकाट्यानं माझ्याकडे यायचं."

"तुझ्याकडे येऊन काय करू? पडद्यांना चुण्या घालू?"

"घाल की. हात आहे ना एक!"

गाडं अडलं होतं मोज्यावर. पाय चढवण्याआधी गुडघ्याखालच्या खुंटावर जाड मोजा घालायचा, सुरकुती न पडू देता. एका हातानं एक बाजू ओढली की दुसरी घसरे. शेवटी मास्तरांनी मोजा मांडीखाली दाबला, सुई दातांत धरून ओवली आणि अंगठा अडकवून ओढायला दोन फास शिवले. पक्के बसावेत म्हणून टाके पार खालपर्यंत नेले. शिलाई नि गाठी अर्थातच आतून. टाके दिसले तर तो शिंपी कसला!

चार दिवस मास्तर व्यायामाच्या दांड्यांमधून ऐटीत चालले. पाचव्या दिवशी व्यायामाच्या बाईंनी मोजा उतरवला, तर आत रक्त.

"मास्तर, दुखलं नाही?"

"त्या बाजूला दुखतंय कुठं, बाई?"

बाईंनी मोजा उलटा करून गाठींवर बोट फिरवलं. "हे कुणी केलं?"

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच मास्तरांना आपलं काम आपलं म्हणवेना.

जखम भरेपर्यंत पंधरा दिवस नकली पाय कोपऱ्यात आणि मास्तर खाटेवर. शेजारच्या खाटांवर भेटायला माणसं येत, तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून टाके उसवत, पुन्हा घालत. या वेळी गाठी बाहेर. ओबडधोबड, उघड्या.

ठरल्या दिवशी बहीण समोर खुर्ची ओढून बसली. मास्तरांनी मोजा ओढला, कातडीला कळत नाही म्हणून बोटांनी सगळीकडून चाचपला, पाय चढवला, पट्टा आवळला. काठी टेकत दारापर्यंत गेले नि परत आले.

दुपारी बहिणीनं त्यांना खोलीवर आणून सोडलं. किल्ली त्यांच्या हातावर ठेवत म्हणाली, "जमेल असं वाटलं नव्हतं. मी आतली खोली रिकामी केली होती रे. खिडकीपाशी मशीनसुद्धा मांडून घेतलं."

'येतो' हा शब्द मास्तरांच्या ओठांपर्यंत आला होता. पण ते म्हणाले, "मग तू बस त्यावर."

"मला कुठं शिवता येतं!"

ती निघाली. जिन्यावरची तिची पावलं ऐकू येईनाशी झाली तरी मास्तर दारात उभेच होते. "बसा आता," म्हणणारं कुणी नव्हतं.